वेताळाचा पहिला प्रश्न



आज ज्या विषयावर मला बोलायचे आहे तो वरवर पाहता आपल्या परभणी जिल्ह्याचा नाही. इंग्रजीत अलीकडे एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्या पुष्कळ निघतात. चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या थरारकथा त्या. शहरातल्या दुकानांतून आणि आता मोबाईलच्या पडद्यावरून त्या आपल्याही मुलांच्या हाती येऊ लागल्या आहेत. त्यांची गोष्ट बहुधा एकाच घाटाची असते. दोन-तीन जिवलग मैत्रिणी लहानपणी एक मनाचे राज्य रचतात. त्याला नाव देतात, नकाशा काढतात, राणी कोण, प्रधान कोण, शत्रू कोण, हे ठरवतात. पुढे वये वाढतात. एकीचे मन त्या राज्यातून उठते, दुसरीचे उठत नाही, आणि मैत्रीत विष कालवले जाते. मग एके दिवशी एक मुलगी नाहीशी होते आणि त्या जुन्या नकाशावरूनच तिचा माग काढावा लागतो.

एका शिक्षक स्नेह्यांनी मला विचारले, "सर, असली पुस्तके पोरांनी वाचावीत का हो?" मी इतिहासाचा माणूस. वाचावे की न वाचावे ह्यापेक्षा, ही गोष्ट आली कुठून, हा प्रश्न मला आधी सुचतो. आणि त्याचा शोध घेत गेले, तर माणूस फिरून फिरून गोदावरीच्या काठी येतो, असे माझे मत आहे. ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी मनाच्या राज्याविषयी. ते काही पाप नव्हे. आपल्याकडे पोळ्याला पोरे मातीचे बैल करतात, ज्वारीच्या धाटांची गाडी करतात, आणि दिवसभर त्या गाडीतून कुठल्या कुठल्या बाजाराला जाऊन येतात. इंग्लंडात १८२६ साली पॅट्रिक ब्राँटी नावाच्या एका पाद्र्याने आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्या शिपायांना घेऊन त्याच्या चार मुलांनी राज्येच्या राज्ये उभी केली. एका राज्याचे नाव अँग्रिया, दुसऱ्याचे गोंडाल. तळहातात मावतील एवढ्या चिमुकल्या वह्यांतून त्यांचे इतिहास लिहिले, वर्तमानपत्रे काढली. त्यांतल्याच शार्लट आणि एमिली ह्या बहिणी पुढे इंग्रजीतल्या थोर कादंबरीकार झाल्या. तेव्हा लहानपणच्या कल्पनेतून वाङ्मय उगवते, ह्याला पुरावा आहे.

पण दुसराही पुरावा आहे, आणि आजच्या थरारकथांची मुळे बरीचशी त्यात आहेत. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च ह्या शहरात १९५४ साली दोन शाळकरी मुली होत्या. एक सोळा वर्षांची, एक पंधरा वर्षांची. दोघींनी मिळून एक राज्य रचले होते, त्यातल्या राजेराण्यांच्या वंशावळी केल्या होत्या, मेल्यानंतर आपण जाणार तो स्वर्गही स्वतःचा वेगळा ठरवला होता. घरच्यांनी त्यांची ताटातूट करायचे ठरवले. एकीला परदेशी पाठवायचे निघाले. तेव्हा दोघींनी मिळून एकीच्या आईचा खून केला. तारीख २२ जून १९५४. कट रोजनिशीत लिहून ठेवला होता, आणि ती रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली ती खून झाल्यावर. मुली वेड्या आहेत की दुष्ट, एवढ्यावरच खटल्यात खल झाला. न्यायालयाने त्यांना वेड्या मानले नाही. वय कमी म्हणून फाशी झाली नाही. पाचेक वर्षे कैद भोगून दोघी सुटल्या. त्यांतली एक पुढे नाव बदलून अ‍ॅन पेरी म्हणून प्रसिद्ध झाली, आणि काय योगायोग पाहा, गुन्ह्यांच्या शोधाच्या कादंबऱ्या लिहिणारी म्हणूनच! १९९४ साली ह्या प्रकरणावर चित्रपट निघाला तेव्हा ही बाई कोण हे जगाला कळले. २०२३ साली ती वारली.

अमेरिकेत २०१४ साली असेच आणखी एक भयंकर झाले. इंटरनेटवर कुणीतरी २००९ मध्ये रचलेल्या एका भुतावर विश्वास ठेवून बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच मैत्रिणीला रानात नेऊन भोसकले. ती पोर सरपटत रस्त्यापर्यंत आली म्हणून वाचली.

अशा घटना घडल्या की लोक दोनच गोष्टी विचारतात. पोर वाईट होते का? की पुस्तकाने, सिनेमाने, मोबाईलने वाईट केले? तिसरा एक प्रश्न असतो, तो फारसा कुणी विचारत नाही. तो आपल्याकडे एका वेताळाने फार पूर्वी विचारून ठेवला आहे.

गोदावरी आपल्या जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा ह्या तालुक्यांतून जाते. ती वरून येते पैठणहून, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानाहून. सातवाहनांची ती राजधानी. त्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता अशी कथा आहे. सहकारी पंडिताशी लागलेल्या एका पैजेत तो हरला, ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडून रानात गेला, आणि पैशाची नावाच्या भाषेत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. जनावरे चारा सोडून ऐकत बसली. जो भाग शेवटी वाचला तो लाखभर श्लोकांचा. ही झाली दंतकथा. मूळ बृहत्कथा आज कुठेही मिळत नाही. मात्र तिच्यावरून अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने कथासरित्सागर रचला, तो आपल्यापाशी आहे, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत.

आपण लहानपणी ऐकलेला विक्रम राजा उज्जैनचा. पण सोमदेवाच्या पोथीत त्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीकाठचे प्रतिष्ठान. म्हणजे खांद्यावर प्रेत टाकून चालणारा हा राजा आपल्या वरच्या अंगाचा शेजारीच म्हणायचा.

ह्या पंचवीस गोष्टींना बाहेरून जी चौकट आहे तीच मुळी फसव्या स्नेहाची. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येई आणि राजाला एक फळ देई. राजा ते खजिनदाराकडे देई, खजिनदार ते खिडकीतून कोठारात फेकून देई. असे किती दिवस चालावे? दहा वर्षे! एके दिवशी पाळलेल्या माकडाने फळ फोडले आणि आतून रत्न निघाले. कोठार उघडून पाहतात तो फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. मग भिक्षूने मागणे मागितले: वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात या, दक्षिणेकडच्या शिसवीच्या झाडाला एक प्रेत लटकते आहे तेवढे आणून द्या. राजाला बळी द्यायचे हा त्याचा बेत. विश्वास किती सावकाश विकत घेता येतो हे ह्या दहा वर्षांच्या हिशेबात जितके नेमके सांगितले आहे, तितके मी दुसरीकडे वाचलेले नाही.

प्रेतात वेताळ. वेताळाची अट आपल्याला पाठ आहे. वाटेत बोललास तर मी झाडावर परत जाईन. आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. लहानपणी ह्या अटीतली गंमत तेवढी कळते, पेच कळत नाही. बोलले तर काम बिघडते. न बोलले तर आपण बिघडतो.

आता पहिली गोष्ट. मुलांच्या पुस्तकांतून ही बहुधा गाळतात किंवा पार सौम्य करून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काशीचा राजपुत्र वज्रमुकुट आणि प्रधानाचा मुलगा बुद्धिशरीर, दोघे जिवलग मित्र. शिकारीला गेले असता एका तळ्यावर त्यांना एक मुलगी दिसली. ती बोलली नाही. तिने माळेतले एक कमळ काढून कानावर ठेवले, मग त्याला हस्तिदंताच्या दागिन्याचा आकार दिला, दुसरे कमळ डोक्यावर ठेवले, आणि हात हृदयावर ठेवून निघून गेली. राजपुत्राला काही उमगले नाही. तो झुरत बसला. मित्राने उलगडा केला. कानावर कमळ, म्हणजे ती कर्णोत्पल राजाच्या राज्यातली. दंताचा दागिना, म्हणजे बाप हस्तिदंताचा कारागीर. डोक्यावर पद्म, म्हणजे नाव पद्मावती. आणि हृदयावर हात म्हणजे काय, ते त्यालाही सांगायला नकोच होते.

पोरांच्या सांकेतिक भाषा आपण शाळेत रोज पाहतो. प्रत्येक शब्दात एक अक्षर घुसडून बोलायचे, बाकावर खुणा कोरायच्या, मोठ्यांना कळू द्यायचे नाही. ही गोष्ट तशाच भाषेवर उभी आहे. दोघे कलिंगात जातात, पद्मावतीच्या दाईच्या घरी उतरतात. निरोप गेला की पद्मावती म्हातारीला रागावून मारल्याचा बहाणा करते. गालांवर कापराची दहा बोटे उमटतात. म्हातारी रडत येते. बुद्धिशरीर हसतो आणि सांगतो, शुक्लपक्षाच्या दहा रात्री उरल्या आहेत, अंधाऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबा असा ह्याचा अर्थ.

पुढे राजपुत्र आणि पद्मावती एकत्र येतात, आणि इथून गोष्ट काळोखात शिरते. बोलता बोलता राजपुत्र सांगून जातो की तुझ्या खुणा मला कुठल्या कळायला, त्या माझ्या मित्राने सोडवल्या. झाले! तिघांतला एक जास्त शहाणा निघाला. दुसऱ्या दिवशी पद्मावती त्या मित्रासाठी मोठ्या प्रेमाने पक्वान्न पाठवते. बुद्धिशरीर त्यातला घास आधी कुत्र्याला घालतो. कुत्रा जागच्या जागी मरतो.

मित्र रागावत नाही. ह्यात तिचा दोष नाही, तू माझ्यासाठी तिला सोडून जाशील अशी धास्ती तिला वाटली, असे तो म्हणतो. हे वाक्य वाचताना मला कथाकाराचे नवल वाटते. बालमैत्रीत विष कसे शिरते ते त्याने एका धास्तीत सांगून टाकले. आजच्या थरारकथा ह्याच धास्तीवर तीनतीनशे पाने चालतात.

पण बुद्धिशरीराची पुढची खेळी पक्वान्नापेक्षा विषारी आहे. योगायोगाने त्या राज्याचा तान्हा राजपुत्र वारतो. तेव्हा मित्राच्या सांगण्यावरून वज्रमुकुट पद्मावतीला मद्य पाजून तिच्या अंगावर त्रिशूळाची खूण उमटवतो आणि तिचा हार काढून आणतो. बुद्धिशरीर स्मशानात गोसावी होऊन बसतो, राजपुत्र त्याचा चेला होतो. हार बाजारात येतो, रक्षक धरतात, प्रकरण राजापर्यंत जाते. गोसावी सांगतो: रात्री चेटकिणी जमल्या होत्या, एकीने राजाच्या पोराला आणले होते, मी तिला त्रिशूळाने डागले आणि तिचा हार काढून घेतला. राजा एका बाईकडून खात्री करून घेतो. खूण सापडते. राजाची खात्री पटते की हिनेच आपले मूल खाल्ले. पद्मावतीला विवस्त्र करून रानात हाकलून देतात. तिथे हे दोघे घोड्यांवर वाट पाहत उभे असतात आणि तिला घेऊन काशीला जातात.

इकडे हस्तिदंताचा तो कारागीर, मुलीला जनावरांनी खाल्ले असेल ह्या दुःखाने मरतो, आणि त्याच्या पाठोपाठ त्याची बायको.

इथे वेताळ थांबतो आणि पहिला प्रश्न विचारतो. ह्या दोघा म्हाताऱ्यांच्या मृत्यूचे पाप कुणाला? राजपुत्राला, प्रधानाच्या मुलाला, की पद्मावतीला?

माझ्या वर्गात ही गोष्ट सांगून मी इथेच थांबतो. मुले हिरिरीने बोलतात. बहुतेक मते मित्राच्या विरोधात पडतात, काही पद्मावतीच्या. राजपुत्राला 'ते तर येडं होतं' म्हणून सोडून देतात. राजाने जे उत्तर दिले आहे त्याच्या जवळपास क्वचितच कुणी जाते. प्रतिष्ठानचा राजा म्हणतो, ह्या तिघांना पाप नाही, पाप कर्णोत्पल राजाला. मित्र आपल्या धन्याचे काम करत होता. ती दोघे आपल्या वेडात होती. पण राजाचे काम चौकशी करण्याचे. त्याला हेर होते, डोळे होते. आपल्या राज्यात पोरे काय करताहेत हे त्याने कधी पाहिले नाही, आणि समोर आलेले सोंग पहिल्या फटक्यात खरे मानले.

तिन्ही मुलांना असे साफ मोकळे सोडणे मला पटत नाही, हे सांगून टाकतो. बुद्धिशरीर धन्याचे काम करत होता ही सबब आज कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. मात्र बोट ज्याच्याकडे दाखवले आहे ते बरोबर आहे. स्मशानातले सोंग हा पोरांनी मांडलेला खेळच होता. खेळाचे खुनात रूपांतर केले ते एका प्रौढ माणसाने, सिंहासनावर बसून.

आणि चेटकीण ठरवून विवस्त्र धिंड काढणे ही काही पोथीतली गोष्ट उरलेली नाही. करणी, चेटूक, जारणमारण, आणि आपल्या मराठवाड्यात भानामती, हे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. चेटूक-करणीच्या नावाखाली कुणाला मारहाण करणे, नागवे करून धिंड काढणे, अमका माणूस करणी करतो अशी आवई उठवणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरले आहेत. कर्णोत्पलाला हा कायदा लागू झाला असता!

आता ह्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट. पंचतंत्राचे पहिलेच तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल ह्यांची मैत्री. संजीवक हा व्यापाऱ्याने पाय मोडला म्हणून यमुनेकाठच्या रानात टाकून दिलेला बैल. आपल्या शेतकऱ्याला तिथेच चटका बसतो. दमनक कोल्हा दोघांच्या कानाला लागतो, सिंह बैलाला मारतो. आणि पुढे? पुढे काही नाही. दमनक प्रधान होतो. पंचतंत्र राजकारण शिकवणारे पुस्तक, तेथे गोष्ट तिथेच संपते.

हेच पुस्तक सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेले, आणि आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फाने ते अरबीत नेले. करटक-दमनकाचे झाले कलीला आणि दिम्ना. पण अरबी पुस्तकात एक अख्खे प्रकरण जास्तीचे आहे: दिम्नाचा खटला. दिम्ना तोंडाचा असा तिखट की कुणाचे काही चालत नाही. कलीला, ज्याला सगळे माहीत होते, तो काळजीने झुरून मरतो. शेवटी दोन साक्षीदार पुढे येतात. एक चित्ता, ज्याने रात्री दोघा कोल्ह्यांचे बोलणे चोरून ऐकले होते. दुसरे तुरुंगातले एक जनावर. सिंह विचारतो, आजवर का बोलला नाहीत? दोघेही सांगतात, एकट्याच्या साक्षीने निकाल होत नाही, म्हणून गप्प होतो. दोघे असूनही गप्प, कारण प्रत्येकाला वाटत होते आपण एकटेच!

शाळेत वर्षे काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. वर्गातल्या चाळीस पोरांपैकी पंधरांना माहीत असते, आणि पंधराही जण एकेकटे असतात.

हे पुस्तक फारसीतून फिरून आपल्याकडे आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातमध्ये झालेला त्याचा फारसी अवतार, अन्वार-ए-सुहैली, हिंदुस्थानात फारसी शिकणाऱ्यांच्या अभ्यासातले नेहमीचे पुस्तक होते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा भारतातून गेलेला बैल, इराण आणि बगदाद करून, दोन साक्षीदार बरोबर घेऊन दख्खनेत परत आला असे म्हणायला हरकत नाही.

मराठी छापखान्याचा इतिहास पाहिला तरी हीच पुस्तके अगदी आरंभी भेटतात. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनऱ्यांनी १८१४ साली सिंहासनबत्तिशी मराठीत छापली, १८१५ साली हितोपदेश. मुंबईत बापू छत्र्यांनी १८२८ साली बाळमित्र आणि इसपनीती काढली, आणि १८३० साली वेताळपंचविशी. मला ह्या जोडीची मौज वाटते. बाळमित्र म्हणजे मुलांना सद्गुण शिकवणारे, मूळ फ्रेंचातून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलेले पुस्तक. वेताळपंचविशी म्हणजे स्मशान, प्रेत आणि विषाचे पक्वान्न. दोन्ही एकाच लेखणीची. नंतरच्या काळात शाळेने पहिले जवळ केले आणि दुसऱ्याला जत्रेतल्या पुस्तकांच्या गाठोड्यात बसवले. त्याला फार मोठे नुकसान म्हणावे, असे मी म्हणेन. मुलांना वेताळ मिळायचा राहिला नाहीच. फक्त गुरुजींबरोबर बसून मिळायचा राहिला.

मुलांपर्यंत तो पुन्हा नेला चांदोबा मासिकाने. १९५२ साली मद्रासहून मराठी चांदोबा निघू लागला. त्यातली खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेल्या राजाची शंकर ह्या चित्रकाराने काढलेली आकृती आठवत नाही असा माझ्या पिढीतला माणूस विरळा. त्यातल्या गोष्टी पुष्कळशा नव्याने रचलेल्या असत. जुन्या पंचविशीतली फक्त चौकट घेतलेली. पण प्रश्न शाबूत होता. दर महिन्याला वेताळ विचारी, आणि पान उलटण्याआधी मूल आपले उत्तर ठरवी. १९८५ साली दूरदर्शनवर विक्रम आणि वेताळ आले तेव्हाही रविवारी शेजारपाजार एकत्र बसून उत्तर आधी कोण सांगतो ह्याची चढाओढ लागे. मासिक पुढे बंद पडले.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र वेगळ्या वळणाचा. तो निघतो धाडसाला, आणि मित्र त्याला कधी दगा देत नाही. निरोगी पुस्तके ती. २०१७ साली त्यावर चित्रपट काढताना मात्र काळ बदलल्याचे दिसले. परीक्षेला भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, सगळे आत्महत्या म्हणून मोकळे होतात, आणि फेणे तेवढा मोकळा होत नाही.

श्रोतेहो, महाराष्ट्रात अशी खरी घटना घडली नाही असे नाही. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळात दहा खून झाले. करणारे चार तरुण, चित्रकलेच्या महाविद्यालयात एकत्र शिकणारे मित्र. मनाचे राज्य वगैरे काही नव्हते तिथे. चौकडी होती, दारू होती, पैशाची हाव होती. पण पहिला बळी कोण, हे फार जणांच्या लक्षात राहिलेले नाही. तो त्यांच्याच महाविद्यालयातला त्यांचा सोबती होता. त्या पहिल्या खुनानंतर पुढचे व्हायला महिने गेले, आणि त्या महिन्यांत काही गोष्टी ठाऊक असलेले सोबती होते. शेवटी त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि खटला उभा राहिला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. १९८६ साली ह्या प्रकरणावर निघालेल्या चित्रपटाचे नाव 'माफीचा साक्षीदार'च. खून करणाऱ्यांचे नव्हे, बोलणाऱ्याचे नाव. कलीला-दिम्नातला चित्ता आठवतो तो असा.

पुन्हा त्या इंग्रजी पुस्तकांकडे येतो. स्नेह्यांना मी जे उत्तर दिले ते हे: वाचू द्या. पण घरात किंवा वर्गात एकाने तरी ती त्यांच्याबरोबर वाचावीत, आणि शेवटी पाप कुणाचे एवढे विचारावे. क्राइस्टचर्चच्या त्या राज्यात दोनच माणसे होती, आणि ऐकणारे तिसरे कुणी नव्हते. वेताळाच्या गोष्टीत रात्र तितकीच काळी आहे, प्रेतही आहे. फरक एवढाच की सांगणारा प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला तोंड उघडायला लावतो.

चोवीस वेळा राजा बोलला आणि चोवीस वेळा वेताळ झाडावर परत गेला. शेवटची गोष्ट एका बापलेकांची. त्यांनी मायलेकींशी लग्ने केली, पण बापाने मुलीशी आणि मुलाने आईशी. तर त्यांच्या पोरांचे एकमेकांशी नाते काय? राजाने पुष्कळ विचार केला आणि तो गप्प चालत राहिला, कारण त्याला खरोखरच उत्तर सुचले नाही. वेताळ खूश झाला. त्याने सांगितले, तो भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला नमस्कार घालणे माहीत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. राजाने तसेच केले, आणि भिक्षू वाकताच त्याचे मस्तक उडवले. उजाडायला आले होते. गोदावरीचा काठ तिथून फार लांब नसावा.